जुदासाची खुर्ची

बुधवार, ७ मार्च १९५६

फादर नोरोन्हा आज चहाला आले. वय तिशीचं, पायांत चकचकीत बूट, बोलणं बेळगावचं. रोमहून नवा हुकूम आला आहे म्हणे. पवित्र गुरुवारची मिस्सा आता संध्याकाळी करायची आणि तिच्यातच, येशूने आपल्या बारा प्रेषितांचे धुतले तसे, बारा पुरुषांचे पाय धुवायचे. हे वाडीतल्या लहान प्रार्थनाघरात, कपेलातही करता येतं.

मी बिशपसाहेबांना तीन पत्रं लिहिली होती. पवित्र आठवड्यातला एक तरी विधी खाडीच्या अलीकडे, आमच्या वाडीत व्हावा, म्हाताऱ्यांना मालवणच्या चर्चपर्यंत जाववत नाही.

"तिसऱ्या पत्राला बिशप दमले, मिस लोबो," फादर म्हणाले. "पण अट अशी की बारा पुरुष हवेत. अकरा असले तर सगळ्यांनी मालवणला यायचं."

मी विचारलं, "वाडीत पुरुष किती उरलेत ते मोजून अट घातलीत वाटतं?"

हसले. बिस्किटं चार खाल्ली.

कपेलाला भेट द्यायला त्यांना घेऊन गेले. शेणाने सारवलेली जमीन, बाहेर वाळत घातलेली जाळी, वेदीवर दुधाच्या पावडरीच्या डब्यात अबोली. मी ज्या कॉन्व्हेंटात शिकले तिथल्या कपेलात संगमरवर होता आणि मेणाचा वास यायचा. इथे सुक्या बांगड्यांचा येतो. फादरांनी हळूच रुमाल काढला.

शुक्रवार, ९ मार्च

यादी केली. जे चालते-बोलते ते सगळे मुंबईला, नाहीतर बोटीवर. वाडीत पुरुष तेरा. त्यातला एक अंथरुणाला खिळलेला. उरले बारा, इनास धरून.

पण इनासला धरायचं नाही.

कारण लिहून ठेवते. गेल्या एप्रिलमध्ये पोलिसांनी काजूच्या बागेतली पेद्रूची दारूची भट्टी पकडली. पेद्रूला तीन महिने झाले. तो तुरुंगात असतानाच त्याची आई, कार्मेलिना, गेली. मुलाला शवपेटीला खांदा देता आला नाही. धाडीच्या दोन दिवस आधी इनासला मालवणच्या पोलीस चौकीच्या फाटकात लोकांनी पाहिलं होतं. इनास खाडीवर होडी चालवतो. तेव्हापासून वाडीतलं कोणी त्याच्या होडीत बसत नाही. बायका ओहोटीची वाट बघतात आणि डोक्यावर पाटी घेऊन चिखलातून जातात.

दारूविषयी माझं मत सगळ्यांना ठाऊक आहे. बंदी असताना वाडीच्या मागे भट्टी धगधगते, हे मी स्वतः गेल्या वर्षी सरकारला कळवलं होतं, पूर्ण नाव आणि सहीनिशी. कोणाचं नाव घेतलं नव्हतं. मी तत्त्वाविषयी लिहिलं होतं. पण सहीनिशी तक्रार करणं वेगळं आणि शेजाऱ्याचं नाव शिपायाच्या कानात सांगणं वेगळं.

पेद्रूला मात्र घ्यावं लागतंय. तुरुंगात जाऊन आलेला प्रेषित. संत पेत्रुसही तुरुंगात गेला होता, पण काजूच्या दारूसाठी नव्हे.

बारावा मालवणहून आणीन.

बुधवार, १४ मार्च

मालवणहून कोणी येत नाही. त्यांना त्यांचे बारा हवेत.

आज अकरा जणांना शाळेत बोलावून पायांची तपासणी केली. तेहेतीस वर्षं मुलांची नखं तपासली, आता त्यांच्या बापांची. भेगा इतक्या की त्यांत बी पेरावं. दोघांच्या बोटांमध्ये चिखल्या. रोज खोबरेल लावा आणि गुरुवारी वजरीने घासून या, असं सांगितलं.

मग नवीनच विघ्न. खुर्च्या कशा मांडायच्या ते दाखवत होते, तर सगळे पहिल्या खुर्चीकडे सरकले. साल्वादोर, आमच्या कपेलची घंटा वाजवणारा, म्हणाला, "बाई, मी पयल्या खुर्चेर. शेवटची सोडून खंयय बसवा."

"शेवटच्या खुर्चीला काय ढेकूण आहेत?"

"ती जुदासाची, येशूक विकलो तेची. तेच्यार बसलो तो वर्साच्या आत जाता. मालवणात एकजण बसलो होतो, माडावरसून पडान मेलो."

"मग तो माडावर चढला कशाला? खुर्चीवरच बसून राहिला असता तर पडला नसता."

कोणी हसलं नाही. बाराव्या शतकातल्या माणसांना मी चौथीपर्यंत शिकवलं, हा माझा पराक्रम.

"इनासाक हाडा," साल्वादोर म्हणाला. "खुर्ची पण त्याची, नाव पण त्याचा."

यावर मात्र सगळे खिंकाळले. पेद्रू तेवढा हसला नाही. खाली मान घालून पायाच्या भेगा बघत बसला. त्याच्या मनातलं दुःख अजून ओलं आहे, दुसरं काय.

रविवार, १८ मार्च

पेद्रूची बायको वेरोनिका मिस्सेनंतर माझ्या वाटेत उभी राहिली. "बाई, इनास कपेलात पाय धुवन घेवक बसलो तर माझो घोव येवचो नाय. माझी सासू झिलाचा नाव घेत मेली, तुमी थयसर होतास."

होते. कार्मेलिनाचे शेवटचे अकरा दिवस मीच तिच्या उशाशी होते. वेरोनिकाला तेव्हा तुरुंगाच्या वाऱ्या होत्या. म्हातारी माझ्याशिवाय कोणाच्या हातची पेज घ्यायची नाही. मी वेरोनिकाला शब्द दिला, इनास बसणार नाही.

गंगू मासे घेऊन आली तेव्हा तिला हा घोळ सांगितला. ती हिंदू, तिला यातलं काय कळणार, पण ऐकायला कोणीतरी हवं होतं.

ती म्हणाली, "आमच्या रापणीच्या जाळ्याक, नुसतो दोरयेक हात लावलो काय माशांचो वाटो गावता. पयलो खंयचो नि शेवटचो खंयचो, कोण इचारणा नाय. तुमच्या देवाक कित्याक इतक्यो खुर्च्यो?"

शुभवर्तमान मला मासेवालीकडून शिकायचं नाही. बांगडे मात्र ताजे होते.

बुधवार, २१ मार्च

शब्द दिला खरा, पण फादरांची चिठ्ठी आली. पुढच्या बुधवारपर्यंत बारा नावं द्या. मी विचार केला, इनासने सगळ्यांसमोर पश्चात्ताप केला तर वेरोनिकाही नरमेल. म्हणून आज मी त्याच्या होडीत बसले. वर्षात वाडीतलं बसलेलं पहिलं माणूस मी असेन. होडीत कोळ्यांची जाळी होती, तळाला पाणी होतं. माझी चप्पल भिजली.

मी त्याला नीट समजावलं. पाप कितीही मोठं असलं तरी क्षमा आहे. जुदासानेही क्षमा मागितली असती तर मिळाली असती. गुरुवारी बारावा म्हणून बस, आधी सगळ्यांची माफी माग.

तो वल्हं मारत राहिला. "माका नको, बाई."

"का नको?"

"मी कोणाक विकूक नाय."

"मग चौकीच्या फाटकात काय करत होतास? देवदर्शनाला गेला होतास?"

"पाकीट पोचवलंय. तेवढाच."

"कोणाचं पाकीट?"

त्याने वल्हं उचलून धरलं. पाणी ठिबकत राहिलं. मग म्हणाला, "किनारो इलो. चपला काढून उतरा."

उतारूचे पैसे घेतले नाहीत. का, ते विचारायला मी वळले तर होडी निघालीही होती.

म्हणजे कोणीतरी मोठा माणूस यामागे आहे! स्वतः नामानिराळा राहून या गरिबाच्या हातून चुगली पाठवणारा. आणि हा त्याला पाठीशी घालतोय. कोण असेल? पैसेवाला असणार. मी शोधून काढीन. गेल्या वर्षीची डायरी माळ्यावर आहे, त्या दिवसांत कोण मालवणला गेलं-आलं ते मी टिपलेलं असणार.

शनिवार, २४ मार्च

डायरी सापडली. १९ एप्रिल १९५५, मंगळवार. माझंच अक्षर.

"भट्टीबद्दल पोलिसांना पत्र लिहिलं. काजूची बाग, खाडीकडची बाजू, दोन माड सोडून झोपडी, असा नीट ठावठिकाणा दिला म्हणजे टाळाटाळ करणार नाहीत. इनास पलीकडे जात होता, त्याच्याकडे दिलं, चौकीत हातोहात द्यायला सांगितलं. तिकीट वाचलं."

झावळ्यांचा रविवार, २५ मार्च

कपेलात झावळी हातात घेऊन उभी होते. वेरोनिका माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, नेहमीसारखी.

घरी आल्यावर मनाशी वाद घातला. सांगून काय होणार? कार्मेलिना परत येणार नाही. भट्टी बेकायदाच होती. मी खोटं काही लिहिलं नव्हतं. आज लोक माझ्याकडे अर्ज लिहायला येतात, मुलांची नावं घालायला येतात, भांडण मिटवायला येतात. सांगितलं तर कोणी येणार नाही. निवृत्त बाईला दुसरं असतं काय?

मग उलट बाजूने. मी "तत्त्वाविषयी" लिहिलं होतं म्हणाले. दोन माड सोडून झोपडी, हे तत्त्व नव्हे.



सोमवार, २६ मार्च

सकाळी खाडीवर गेले. इनास होडीला डांबर लावत होता. मी सरळ विचारलं, "पाकीट माझं होतं. वर्षभर बोलला का नाहीस?"

"तुमी इचारूक खंय?"

"मी नाही विचारलं. पण लोक थुंकत होते तुझ्यावर."

तो डांबराचा कुंचला पुसत बसला. मग म्हणाला, "तेवा तोंड उघडला असता तर कार्मेलिनामायच्या घरच्यांनी तुमका दारात उभा केल्यानी नसता. म्हातारी तुमच्या हातची पेज सोडून कोणाचा कायएक घेय नाय होती. उपाशी गेली असती. म्हणान म्हटलंय, मायचा होवन जावंदे."

"तिला जाऊन दहा महिने झाले, इनास."

"मगे सवय झाली," तो म्हणाला. आणि कुंचला डांबरात बुडवत, "माका काय, मी एकटो. कोळी लोक आसत, जाळी न्हेवक आणूक. पोट भरता."

त्याचं पोट भरत नाही. फासळ्या मोजता येतात. मी त्याला चौथीपर्यंतही शिकवलं नाही, तो शाळेत आलाच नव्हता.

माफी मागितली. आयुष्यात मी ती फारशी मागितलेली नाही, त्यामुळे बोलताना हुकूम केल्यासारखंच झालं. "मला क्षमा कर," असं मी कमरेवर हात ठेवून म्हणाले. त्याने मान डोलावली आणि सांगितलं, "बाजूक व्हा, डांबर लागात."

मंगळवार, २७ मार्च

पेद्रूच्या घरी गेले. तो अंगणात सुंभ वळत होता, वेरोनिका तांदूळ निवडत होती. मी उभ्यानेच सांगितलं. पत्र माझं, ठावठिकाणा माझा, इनासने फक्त पोचवलं.

वेरोनिकाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. पेद्रू मात्र वळायचा थांबला नाही.

"माका ठावक आसा, बाई," तो म्हणाला.

आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो.

"पोलिसांनी माका कागद दाखवलो. अक्षर वळाकलंय. चार वर्सां शाळेत माझ्या पाटयेर त्याच हातान फुल्ये मारल्यानी हत."

"तुका ठावक होता?" वेरोनिका उठली. "वर्सभर? आणि माका इनासाच्या होडयेत पाय ठेवक दिलंस नाय! गुडघाभर चिखलातसून मी पाटी घेवन चललंय, पोटात पोर होता तेवापण!"

"बाईंका कसा बोलतलंय? आवशीक त्यांनी..." पेद्रू अडखळला. मग खरं तेच बोलला. "आणि बाई रुसल्यार आमका अर्ज कोण लिवन देतलो? इनास रुसलो तर होडी नाय. होडयेबगर चलता. म्हणान तो सोसतलो म्हटलंय."

वेरोनिकाने सूप जमिनीवर आपटलं. तांदूळ अंगणभर झाले. आधी नवऱ्याला बोलली ते मी इथे लिहीत नाही. मग माझ्याकडे वळली. "आणि तुमी. माझ्या सासवेच्या तोंडात पेज घालीत होतास नि झिलाक तुरुंगात घालून इल्लास. चला, भायर व्हा."

बाहेर झाले. बाहेरच होते खरं तर, अंगणात. पण फाटकापर्यंत गेले.

फादरांना बारा नावं कळवली. शेवटचं इनासचं. त्याला विचारलेलं नाही. पाय धुवायचे नसतील तर फादरांना आणून तरी सोड, असा निरोप पाठवला.

पवित्र गुरुवार, २९ मार्च

जे झालं ते क्रमाने लिहिते.

चार वाजता अकरा जण हजर. वजरीने घासून पाय असे केले होते की बेळगावच्या मुलींनाही लाज वाटावी. साल्वादोरने तर पायावर सांडलेल्या मुलाच्या शाईच्या डागावर लिंबू चोळून आणलं होतं. अकरा जण पहिल्या अकरा खुर्च्यांवर. पेद्रू दुसरीवर. बारावी रिकामी. बायका मागे जमिनीवर, वेरोनिका दाराशी.

फादर यायच्या आधी मी वेदीच्या पायरीपाशी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. शाळेत वर्गासमोर बोलतात तसंच बोलले, दुसरं मला येत नाही. पत्र कोणी लिहिलं, कोणी पोचवलं, कोणाला काय माहीत होतं. पेद्रूचं नाव मी घेतलं नाही. तो त्याचा प्रश्न.

बाहेर कोंबडा ओरडला, तो काही पेत्रुसने येशूला नाकारल्यावर आरवलेला, शुभवर्तमानातला नव्हे, साल्वादोरचा. वेळ-अवेळ बघत नाही.

शेवटी साल्वादोर म्हणाला, "मगे जुदास कोण?"

"मी," मी म्हणाले. "बसले असते त्या खुर्चीवर, पण बाईमाणसाचे पाय रोमला चालत नाहीत."

तेव्हा पेद्रू उठला. सगळ्यांच्या पुढून चालत गेला आणि बाराव्या खुर्चीवर बसला.

"तू कित्या थयसर?"

"माका वर्सभर ठावक होता. गप रवलंय."

साल्वादोर अर्धा उठला. "अरे, चौकीच्या फाटकात त्याका बघलो तो मी. गावभर सांगलंय तो मी. ऊठ थयसून."

"उठूचंय नाय."

"वर्साच्या आत मरशील मेल्या!"

"मगे तू कित्या बसतस?"

पंधरा दिवस ज्या खुर्चीकडे कोणी बघत नव्हतं, तिच्यासाठी दोन मोठे पुरुष हातघाईवर आले. मी "शांतता!" म्हणून ओरडले, तेवढ्यात फादर दारात. त्यांच्यामागे त्यांची पेटी डोक्यावर घेऊन इनास. पेटी ठेवून तो परत जायला निघाला.

"बस रे," पेद्रू म्हणाला. रिकामी होती ती दुसरी खुर्ची. त्याची.

"ती तुझी," इनास म्हणाला.

"माझी हयसर आसा. बस."

तो बायकांकडे बघत राहिला, म्हणजे वेरोनिकाकडे. वेरोनिकाने मान खाली घातली, पण दार सोडून बाजूला झाली. इनास आत गेला आणि बसला.

फादर म्हणाले, "काही अडचण आहे का, मिस लोबो?" मी म्हणाले, "नाही. जागांची अदलाबदल."

ओहोटी होती. पेटी भिजू नये म्हणून इनासने फादरांसकट होडी चिखलातून ओढत आणली होती. त्याचे पाय पोटऱ्यांपर्यंत काळे. फादरांनी पहिल्याचे पाय धुतले, पाणी स्वच्छ. इनासच्या पायांशी गुडघे टेकले, आणि एकाच तांब्यात परातीतलं पाणी शाईसारखं झालं. त्यांनी दुसरा तांब्या ओतला. तिसरा. घागर संपली. अजून दहा जण बाकी.

अकरा जण घरून धुवून आले होते. धुण्यासारखे पाय एकट्याचेच होते.

मी यातून काही धडा काढत बसले नाही, कारण पाणी आणायला कोणी उठेना. मी गेले. विहिरीचा रहाट जड आहे, गेली वीस वर्षं मी तो ओढला नव्हता. घागर कमरेवर घेऊन परत आले तेव्हा फादर अजून तिथेच गुडघ्यांवर होते, इनासच्या अंगठ्याच्या नखातला चिखल काढत. सावकाश काढत होते. फादर म्हणजे पोरगाच, पण मला वाटला होता तितका वाईट नाही. बुटांना डाग पडले होते.

मिस्सेनंतर पेद्रू आणि इनास होडीपर्यंत गेले. काय बोलले ते ठाऊक नाही. मला कोणी काही बोललं नाही. वाट मात्र सोडली सगळ्यांनी, जरा जास्तच.

शनिवार, ३१ मार्च

काल शुभ शुक्रवार, विहिरीला हात लावायचा नाही, म्हणून टॉवेल तसेच राहिले होते. माझ्या चांगल्या दोन चादरी फाडून बारा केले होते. नेहमी कपेलचे कपडे कोणीतरी नेऊन धुतं. यंदा कोणी न्यायला आलं नाही. दोन दिवसांत अर्ज लिहायलाही कोणी आलं नाही.

गंगू सांगून गेली की सकाळी वेरोनिका इनासच्या होडीतून बाजाराला गेली. "बोलाक नाय. पण बसली," म्हणाली.

दुपारी टॉवेल घेऊन विहिरीवर गेले. इनासच्या टॉवेलचा चिखल जाईना. तो मी तिसऱ्यांदा दगडावर आपटत होते, तर वेरोनिका घागर घेऊन आली. बराच वेळ बघत उभी राहिली. मग घागर खाली ठेवली.

"असो आपटतत? फाटात तो." माझ्या हातातून टॉवेल ओढून घेतला. साबण लावला, चोळला, पाणी ओतलं, पुन्हा चोळला. मी बाजूला उभी.

"माझो राग जावक नाय हा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "उद्या सण म्हणान काय जावचो नाय."

"जाऊ नये," मी म्हणाले. "माझा माझ्यावरचा तरी कुठे गेलाय? मी तर असं म्हणते की..."

"मगे पिळूक टॉवेलाचो दुसरो कोन धरा," ती म्हणाली. "बडबड नको."

धरला.